कात्री लागण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. नाशिकच्या अंबड-सातपूरला किंवा मालेगावकडे तयार कपड्यांच्या युनिटमध्ये जे नुकते कटिंगच्या टेबलावर उभे राहिलेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. कात्री धरणं काही दिवसांत जमतं. माल बिघडतो तो बहुतेक त्याआधी, थर लावताना, म्हणजे कापड एकावर एक पसरतानाच.

थान उघडलं की लगेच कापायला घेऊ नका. गुंडाळताना कापड ताणलेलं असतं. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं विणलेलं ताणणारं असेल तर मोकळं करून रात्रभर तसंच पडू द्या. नाहीतर कापल्यावर तुकडा आखडतो आणि फर्म्यापेक्षा, म्हणजे ज्यावरून कापतो त्या नमुन्यापेक्षा, लहान भरतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी भरेल त्यावर मार्कर, म्हणजे सगळे फर्मे मांडायचा आराखडा, आखा, तोही किनार सोडून. किनारीची वीण घट्ट असते, धुतल्यावर तिथली शिवण गोळा होते.

थर लावताना आपल्या बाजूची किनार एकाखाली एक आली पाहिजे. पलीकडची जुळवत बसू नका, पन्हा कमीजास्त असायचाच. कापड ओढायचं नाही, हाताने हवा काढत पसरायचं. दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर जादा पुरे. प्रत्येक थराला त्यावर पाच सेंटीमीटर सोडलं, तर ५० थरांत अडीच मीटर गेलं. म्हणजे एका शर्टाचं कापड! मालक ओरडतो ते उगाच नाही. थान बदललं की मध्ये कागद घाला, कारण दोन थानांच्या रंगात फरक निघतो.

फर्म्यावरचा बाण उभ्या धाग्याशी समांतर हवा. नजरेवर जाऊ नका. बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंत टेप लावा, माप सारखंच यायला हवं. पँटचा बाण तिरका गेला, तर धुतल्यावर बाजूची शिवण फिरून नडगीवर येते. मग इस्त्रीनेही ती सरळ होत नाही.

आता कात्री. खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही. पाती टोकापर्यंत मिटायची नाहीत, मिटली की कडेला दाते पडतात. हाताने एका वेळी दोन थर, मलमल असेल तर चार. त्याहून जास्त घेतले की थर पात्यापुढे सरकतात, वरचा तुकडा एक आणि खालचा दुसराच निघतो. जाड गठ्ठा मशीनला द्या, आणि तिथे डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा घालाच. शिवताना तुकडे जुळवायला कडेला देतो ती खाच तीन मिलीमीटर, जास्त नाही. शिवणीच्या पलीकडे गेली की तुकडा वाया. या कात्रीने कागद कापायचा नाही, धार बोथट होते.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरचे थर एकमेकांना चिकटतात. ते सोडवायच्या नादात क्रम बिघडतो आणि एका रंगाच्या शर्टाला दुसऱ्या रंगाची कॉलर लागते. म्हणून गठ्ठा हलवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवा, आणि मगच बंडल बांधा.