फ्रीजवरचा डबा

फ्रीजवरचा हा बिस्किटांचा जुना डबा उघडू या. अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स. तळाशी साखर धरलेलं खोकल्याचं औषध. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांनी डोस बदलला तेव्हापासून पडून आहेत. आणि ही कापलेली स्ट्रिप. चार गोळ्या शिल्लक आहेत, पण एक्स्पायरी? ती छापलेला तुकडा दुकानातच राहिला.

म्हणून आपण मेडिकलच्या काउंटरवर आलोय.

तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या असतील, तर फार्मासिस्ट तेवढ्याच कापून देतो. चांगली सवय आहे ही. तारीख बिलावर असते खरी, पण बिल जपून कोण ठेवतं? त्याच वेळी पाकिटावर पेनाने तारीख लिहून दिली, तर घरातला गोंधळ तिथेच मिटतो.

त्याहून मोलाचा आहे एक साधा प्रश्न. दर महिन्याला शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या आजींना विचारायचं, "आजी, मागच्या किती उरल्यात?" वीस उरल्या असतील, तर नवीन स्ट्रिप देण्याआधी थांबायला हवं. आजी गोळ्या विसरतायत का? चक्कर येते म्हणून परस्पर बंद केल्यात का? उरलेली गोळी आजाराबद्दल काहीतरी सांगत असते आणि ते सगळ्यात आधी फार्मासिस्टच्या कानावर पडू शकतं.

आता काउंटरखालचा हा खोका बघा. मुदत संपलेला माल. तो स्टॉकिस्टकडे जाईल, तिथून कंपनीकडे. दुकानातल्या गोळीला परतीची वाट आहे. तीच गोळी आपल्या घरी आली की ती वाट बंद होते.

मग ती कचऱ्यात जाते, नाहीतर बेसिनमध्ये. सांडपाण्याचे प्रकल्प औषधं गाळून काढण्यासाठी बांधलेले नाहीत. पाण्यात उतरलेल्या अँटिबायोटिकवर जंतू सरावतात. 2016च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली, ती वेगळी द्यायला सांगितली. वेगळी द्यायची, पण कुणाकडे?

मे 2025मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 17 औषधांची यादी दिली. ट्रॅमाडॉल, फेंटानिल, डायझेपाम यांसारखी. घरात कुणी चुकून घेतली तर जिवावर बेतू शकतात, म्हणून एवढीच फ्लश करायची. बाकीच्यांसाठी औषधं परत घेणारी केंद्रं हवीत, असं त्याच सूचनांमध्ये म्हटलंय.

केरळने औषधं परत घ्यायची सोय करून पाहिली. 2025मध्ये कोझिकोडला औषध नियंत्रण विभागाची 'एनप्राउड' योजना सुरू झाली. निळ्या पेट्या ठेवल्या. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या बायका दारोदार जाऊन जुनी औषधं गोळा करू लागल्या. पुढे ती शास्त्रशुद्ध पद्धतीने जाळली जातात.

आपल्याकडे प्रत्येक गल्लीत मेडिकल आहे. पेटीला जागा दोन फुटांची लागेल. पण भरलेली पेटी उचलायला गाडी कोण पाठवणार, खर्च कोण करणार, हे पालिकेने आणि औषध कंपन्यांनी ठरवायला हवं. तो भार एकट्या दुकानदारावर टाकता येणार नाही.

तोवर हे फार्मासिस्ट कापलेल्या स्ट्रिपच्या पाकिटावर तारीख लिहितायत. समोरच्या आजी पिशवीत हात घालून मागच्या गोळ्या मोजतायत. अकरा... बारा... तेरा.