तस्करीचा म्होरक्या आणि युरोपचा नवा मसुदा

२७ ऑगस्ट २०१५ रोजी ऑस्ट्रियातील पार्नडॉर्फ गावाजवळ, महामार्गाच्या कडेला सोडून दिलेल्या एका शीतवाहनात ७१ मृतदेह सापडले. त्यांत चार मुले होती. हवाबंद डब्यात कोंबलेली ही स्थलांतरित माणसे हंगेरीच्या हद्दीतच गुदमरली होती. ती आतून बडवत आहेत, ओरडत आहेत, हे चालकांकडून फोनवर कळूनही दार उघडू नका, असे टोळीच्या म्होरक्याने बजावले होते. पोलीस या टोळीचे फोन आधीपासूनच ध्वनिमुद्रित करत होते. पण ते संभाषण ऐकून त्याचे भाषांतर होईपर्यंत सारे संपले होते. २०१९ मध्ये हंगेरीच्या अपील न्यायालयाने चौघा मुख्य आरोपींना जन्मठेप सुनावली.

युरोपीय संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी स्थलांतरितांच्या तस्करीविरुद्ध कायद्याचा जो मसुदा मांडला, तो वाचताना ते बंद दार डोळ्यांसमोरून हलत नाही. संघाच्या २००२ च्या नियमांनुसार एखाद्याला बेकायदा प्रवेशास मदत करणे हाच गुन्हा होता, मग त्यासाठी पैसे घेतलेले असोत वा नसोत. नव्या मसुद्यात आर्थिक लाभ किंवा गंभीर इजेची दाट शक्यता, हा गुन्ह्याचा मुख्य निकष आहे. तस्करीत कोणाचा मृत्यू झाल्यास सदस्य देशांच्या कायद्यातील कमाल शिक्षेची मर्यादा १५ वर्षांपेक्षा कमी नसावी, असेही त्यात सुचवले आहे.

निकष बदलणे आवश्यकच होते, कारण समुद्रमार्गाने होणाऱ्या तस्करीत म्होरके सहसा नावेत पाऊलही ठेवत नाहीत. भाड्यात सूट देऊन किंवा धाक दाखवून ते एखाद्या प्रवाशाच्याच हाती सुकाणू देतात, आणि पैलतीरावर पोलिसांच्या हाती लागतो तो हाच माणूस. त्याला तस्कर ठरवल्याने खटल्यांची संख्या वाढते, टोळीचे मात्र काहीच बिघडत नाही.

मसुद्यातील एक उणीव गंभीर आहे. माणुसकीच्या नात्याने केलेली मदत गुन्हा मानू नये, हे केवळ प्रास्ताविकात म्हटले आहे. बंधनकारक कलमांत तसा स्पष्ट अपवाद नाही. बुडणाऱ्याला नावेत ओढून घेणाऱ्या मच्छीमाराला हे संरक्षण कलमातूनच मिळाले पाहिजे. आणि शिक्षेची वर्षे वाढवण्याइतकीच निकड आहे ती फोनवरील संभाषण त्याच क्षणी समजून घेणाऱ्या दुभाष्यांची, पैशांचा माग काढणाऱ्या तपासनिसांची आणि शेजारी देशाच्या पोलिसांना तत्काळ सावध करणाऱ्या यंत्रणेची.