लॉकडाऊनमधली हवा खरंच किती स्वच्छ होती?

नमस्कार मंडळी, 2020 चा एप्रिल आठवतोय ना, तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर एक फोटो फिरत होता, पंजाबमधल्या जालंधरच्या गच्च्यांवरून दिसणारी हिमालयातल्या धौलाधारची बर्फाळ रांग, आणि खाली लिहिलेलं असायचं की बघा निसर्ग कसा बरा होतोय. डोंगर दिसत होते हे खरंच होतं, पण हवेचा हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे.

वुहान बंद झालं 23 जानेवारी 2020 ला, आणि महिनाभरात नासा आणि युरोपियन स्पेस एजन्सीच्या सॅटेलाइट नकाशांवर चीनवरचे नायट्रोजन डायऑक्साइडचे गडद पट्टे विरळ झाले. हा वायू मुख्यतः गाड्या, कारखाने आणि वीजकेंद्रांच्या धुरातून येतो आणि हवेत टिकतो जेमतेम काही तास, त्यामुळे गाड्या थांबल्या की तो झटक्यात खाली येतो आणि गाड्या सुटल्या की तितक्याच झटक्यात परत हजर.

आता गंमत बघा, बऱ्याच शहरांत याच काळात ओझोन वाढला! म्हणजे वरचा आपल्याला वाचवणारा थर नाही हं, जमिनीलगतचा, छातीला त्रास देणारा. होतं काय, गाडीच्या धुरातून आधी नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि तो आजूबाजूचा ओझोन खाऊन त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड करतो, गाड्याच नाहीत तर ओझोन खाणार कोण? त्यात पेंट, सॉल्व्हंट, पेट्रोलची वाफ असल्या गोष्टी तेवढ्या कमी झाल्या नव्हत्या, मग ऊन पडलं की ओझोन तयार होतच राहिला.

बारीक धूलिकणांचं, म्हणजे पीएम 2.5 चं, तर अजून वेगळं. दिल्लीत ते चांगलेच घसरले, पण बीजिंगमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये सगळं बंद असतानाही दाट धुरकं साचलं, कारण वारा पडलेला, हवा दमट, आणि हे कण नुसते धुराड्यातून येत नाहीत, हवेतल्या हवेत वायूंपासूनही बनतात. शिवाय हिवाळा संपला की उत्तरेकडच्या बऱ्याच शहरांत प्रदूषण तसंही उतरतं, म्हणून संशोधकांनी हवामानाचा वाटा बाजूला काढून बघितलं तेव्हा बऱ्याच ठिकाणची घट आधी वाटली त्यापेक्षा कमी निघाली. पहिल्या आठवड्यातले 'इतके टक्के घटलं' वाले आकडे म्हणूनच मला कधी फारसे पटले नाहीत.

आणि कार्बन डायऑक्साइड? जगाचं वर्षभराचं उत्सर्जन साधारण 5 टक्के घटलं, तरी हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत मोजलेली मे 2020 ची सरासरी 417 पीपीएमवर (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत 417 भाग) गेली, त्या वेळचा उच्चांक, कारण तो वायू शतकानुशतकं साठत जातो, दोन महिन्यांच्या बंदने त्याला काय फरक पडणार.

बाकी शहरांची स्वच्छ हवा किती दिवस टिकली म्हणाल तर, निर्बंध उठले तसं रस्ते भरले, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये भाताचा पेंढा जाळल्याचा धूर, थंडी आणि ट्रॅफिक एकत्र आल्यावर दिल्लीचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, परत 'गंभीर' श्रेणीत जाऊन बसला.