रग्बीचा धरमकाटा

(गावच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, आधी एक दुरुस्ती. गावात वाटलेल्या पत्रकावर आजचा विषय ‘रब्बी क्लबांतील पगारमर्यादा आणि संघाची ताकद’ असा छापला गेला आहे. विषय रग्बीचा आहे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं काही ऐकायला मिळेल म्हणून जे काकाजी लोक शेजारच्या गावांतून आले आहेत, त्यांनी बसूनच राहावं. चहा सगळ्यांना आहे, आणि मी बोलणार आहे ते काट्याबद्दल. कापूस विकणाऱ्या माणसाला काट्याबद्दल नव्यानं समजावून सांगावं लागत नाही.

रग्बी म्हणजे काय हे इथल्या बऱ्याच पोट्ट्यांना ठाऊक आहे. आपल्या शाळेत तो लांबुळका चेंडू आला तेव्हा पहिल्या दिवशी त्याचं नाव पपई पडलं, ते आजही तेच आहे. पंधरा-पंधरा जणांचे संघ, चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं कमरेला मिठी मारून पाडायचं. कबड्डीत पकड करणाऱ्या पोराला हा खेळ शिकवायला मला दोन दिवस पुरले. तेव्हापासून मी इंग्लंड-फ्रान्समधल्या क्लबांचे सामने मोबाईलवर पाहतो, रात्री ओलिताला गेलो की मोटारीजवळ बसून पाहतो.

१९९५ पर्यंत या खेळात, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीत, पगार घेणं अधिकृतपणे मना होतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि क्लबांचे मालक खेळाडू विकत घेऊ लागले. मग १९९९ मध्ये इंग्लंडच्या लीगनं पगारमर्यादा आणली. क्लबानं सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून अमुक इतकाच पैसा खर्च करायचा, खिशात कितीही असो. हेतू सरळ होता. एकाच श्रीमंताकडे सगळे पहिलवान गोळा झाले तर बाकीच्यांनी आखाड्यात उतरायचं कशाला?

आपल्याकडे हे वजनगटानं होतं. पैशाऐवजी आपण किलो मोजतो. आणि म्हणून मला २००९ च्या हिवाळ्याकडे जावंच लागेल. ज्यांनी ही गोष्ट माझ्याकडून ऐकली आहे त्यांनीही पुन्हा ऐकावी, कारण आज तिचा उपयोग आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव, नाव घेत नाही. ५५ किलो गटाचे कबड्डीचे खुले सामने. आपल्या संघाचा लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाला पकड करणारा गडी, आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातल्या काट्यावर ५६ किलो २०० ग्रॅम भरला. त्या पोरानं रात्री भाकरीला हात लावला नाही. पहाटे चारला दोन स्वेटर अंगात घालून नाल्यापासून फाट्यापर्यंत पळत गेला आणि पळत आला. तोंडात लिंबाची फोड, पाण्याचा घोट नाही. त्याची माय पऱ्हाटी वेचायला निघाली होती, ती बांधावर थांबून मला म्हणाली, ‘‘मास्तर, पोट्ट्याले मारता का उपाशी?’’ मी तिला म्हणालो, ‘‘बाई, नियम आहे.’’ सकाळी नऊला वजन झालं. ५४ किलो ९००. आमच्या सातही जणांचं वजन पटांगणात, सगळ्यांदेखत झालं, कारण आम्ही उशिरा पोचलो होतो आणि काटा तोवर बाहेर आणला होता. यजमान संघाचं वजन त्याआधी खोलीत, दार लोटून झालेलं होतं. वहीत सह्या होत्या.

रात्री अंतिम सामना. फक्कीच्या रेषा, चार हॅलोजन, कडाक्याची थंडी. त्यांचा मुख्य चढाईपटू मैदानात आला तेव्हा आमच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ५५ किलोचा माणूस मला कळतो हो! पंचवीस वर्षं मी पोरांना काट्यावर चढवलं आहे. हा गडी सत्तरच्या खाली नव्हता. आमच्या लेफ्ट कॉर्नरनं दोनदा त्याचा घोटा धरला, दोन्ही वेळा तो याला ओढत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला. आम्ही ३१-२८ ने हरलो. तीन गुण. हा आकडा लक्षात ठेवा.

मी हरकत घेतली. हरकतीची फी पाचशे रुपये, ती सोबत आलेल्या शेतकऱ्यांनी दहा-वीसच्या नोटांनी भरली. मी एवढंच म्हणत होतो की काटा आणा आणि त्याला पुन्हा उभा करा. उत्तर मिळालं, ‘‘काटा किराणावाल्याचा होता, परत गेला.’’ आणि पाहुण्यांच्या हस्ते ढाल देऊन झाली.

दोन वर्षांनी बाजाराच्या दिवशी तोच चढाईपटू मला भेटला. पाया पडला आणि स्वतःहून म्हणाला, ‘‘मास्तर, त्या रोजी काट्यावर मी नोतो. लहाना भाऊ उभा होता माह्या नावावर.’’ मला त्याचा राग आला नाही, त्याला कुणीतरी आणलं होतं. पण आमचा लेफ्ट कॉर्नर आज ट्रॅक्टर चालवतो, दोन पोरांचा बाप आहे, आणि तो मला अजून विचारतो, ‘‘सर, तो सामना आपुन जिंकलो होतो का नाई?’’ ढाल अजून त्याच गावात आहे.

आता इंग्लंडला चला. १ जून २०१९, लंडनचं ट्विकनहॅम मैदान, लीगचा अंतिम सामना. एका बाजूला सारासेन्स, दुसऱ्या बाजूला एक्सिटर. एक्सिटर हा डेव्हन परगण्यातला क्लब, शेतीवाडीचा मुलूख. त्यांचे प्रशिक्षक रॉब बॅक्स्टर शेतकऱ्याच्या घरातले. २०१० मध्ये हा क्लब खालच्या लीगमधून वर चढला आणि सात वर्षांत विजेता झाला. त्या दिवशी ते सारासेन्सकडून हरले, ३७-३४ ने. तीन गुण! मी मोटारीजवळ उभाच राहिलो. आदल्या वर्षीही अंतिम सामन्यात ते यांच्याचकडून २७-१० ने हरले होते.

आणि पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल आला की सारासेन्सनं २०१६-१७ पासून सलग तीन हंगाम पगारमर्यादा मोडली होती. मर्यादा तेव्हा घरच्या खेळाडूंची सवलत धरून सत्तर लाख पौंडांची होती. पगाराच्या वहीत सगळं ठीक दिसेल असं होतं. पण क्लबाचे मालक नायजेल रे यांनी काही खेळाडूंबरोबर भागीदारीत कंपन्या काढल्या होत्या, मालमत्तेत पैसा घातला होता. क्लबाचं म्हणणं, ही गुंतवणूक आहे, पगार नव्हे. चौकशी समितीनं ते मानलं नाही. म्हणजे काट्यावर लहान भाऊ, मैदानात मोठा! ५३ लाख ६० हजार पौंड दंड झाला, ३५ गुण कापले गेले. त्या हंगामातही हिशेब मर्यादेत बसेना, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये आणखी ७० गुण कापून त्यांना खालच्या लीगमध्ये पाठवलं.

पण २०१८ आणि २०१९ चे करंडक? ते सारासेन्सकडेच राहिले. ऑस्ट्रेलियात, तेरा जणांच्या रग्बी लीगमध्ये, मेलबर्न स्टॉर्म २०१० मध्ये असाच पकडला गेला, तेव्हा त्याची २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदं काढून घेतली आणि उरलेला हंगाम त्याला गुणांशिवाय खेळायला लावला. इंग्लंडमध्ये तसं झालं नाही. एक्सिटरच्या त्या पोरांच्या जागी मला आमचा लेफ्ट कॉर्नर दिसतो. दंड झाला, पण हरलेल्याला करंडक मिळाला का?

अध्यक्षसाहेब घड्याळ दाखवत आहेत. बरोबर आहे, दहाला थ्री फेज येते, ओलितवाल्यांना निघायचं आहे. पत्रकावर छापलेला ‘संघाची ताकद’ हा भाग अजून झालाच नाही, तो पटकन सांगतो.

रग्बीत पंधरा खेळतात आणि आठ राखीव बसतात. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून खांद्यानं एकमेकांना रेटतात त्यात, पुढच्या रांगेत तिघं असतात, मान मोडण्याचा धोका तिथंच, म्हणून त्या तिन्ही जागांसाठी शिकलेला राखीव गडी ठेवावाच लागतो. झाले सहा. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देशांची सिक्स नेशन्स स्पर्धा आली की क्लबाचे सगळ्यांत चांगले खेळाडू देश मागून घेतो आणि फ्रान्सच्या लीगमधले काही सामने दुसऱ्या फळीवर काढावे लागतात. हंगामाचा शेवट कुठे होणार हे ती फळी ठरवते. मर्यादेतला अर्धा पैसा दोन नावांवर घातला की ती फळी पोकळ होते. हे प्रो कबड्डीत आपण पाहिलंच आहे. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पाच कोटींच्या मर्यादेतले २ कोटी ६० लाख एकट्या पवन सेहरावतवर लावले आणि संघ तळाला गेला. त्याच्या आदल्या हंगामात तमिळ थलैवाजनं त्यालाच घेतलं होतं. तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बसला, आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. पवन मोठा खेळाडू आहे, त्यात शंका नाही. पण मागे सहा जण लागतात.

दुसरं. सारासेन्सची एक बाजू खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. ओवेन फॅरेल, मारो इटोजे ही त्यांनी स्वतःच्या अकादमीत घडवलेली पोरं. पोरगं मोठं झालं की त्याचा पगार वाढतो, पगार वाढला की तो मर्यादेत मावत नाही. म्हणजे बियाणं आपलं, निंदण-खुरपण आपलं, आणि बोंड फुटलं की दुसऱ्याच्या गाडीत भरायचं! हे मला पटत नाही. घरच्या खेळाडूंसाठी इंग्लंडमध्ये सवलत आहे, माझ्या मते ती बरीच वाढवायला हवी. फ्रान्समध्ये २०१० पासून मर्यादा आहे, आणि तिच्या जोडीला तिथल्याच अकादम्यांत वाढलेले खेळाडू संघात पुरेसे नसतील तर क्लबाला शिक्षा आहे. आपल्या विदर्भाच्या रणजी क्रिकेट संघाकडे पाहा. वसीम जाफर बाहेरून आले, करुण नायर बाहेरून आला, त्यांचे उपकार आहेतच. पण पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा असते, म्हणून २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेणारा हर्ष दुबे आणि अंतिम सामन्यात १५३ करणारा दानिश मालेवार आपल्या मातीतून काढावे लागले. निघाले ना?

तिसरं, मर्यादा म्हणजे पोट भरण्याची हमी नाही. २०२२ मध्ये वूस्टर आणि वास्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, तीन क्लब कर्जात बुडून लीगमधून गेले. करोनानंतर सवलती सोडून असलेली मूळ मर्यादा ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणली होती, तरी बुडाले. २०२४-२५ ला ती पुन्हा ६४ लाख झाली. कमाईच नसेल तर पगार कमी ठेवूनही घर चालत नाही, हे कोरडवाहूवाल्याला मी काय सांगू.

आणि शेवटचं, ज्यासाठी मी आज उभा राहिलो. सारासेन्स प्रकरणानंतर ब्रिटनचे माजी मंत्री लॉर्ड मायनर्स यांनी नियमांचा आढावा घेतला, २०२० मध्ये अहवाल दिला, आणि करंडक काढून घेण्यापर्यंतची शिक्षा असावी असं त्यात सुचवलं. ते उत्तम झालं. पण मला शिक्षेपेक्षा काटा आधी हवा. कापसाची गाडी आपण धरमकाट्यावर चढवतो तेव्हा आकडा आपल्यालाही दिसतो, म्हणून आपण पावती मानतो. प्रत्येक क्लबानं प्रत्येक खेळाडूला काय दिलं, पगार, घर, भागीदारी, सगळं हंगाम सुरू होण्याआधी एका पानावर छापून लावावं. एक्सिटरच्या शेतकऱ्यालाही ते वाचता यावं.

माघात आपल्या गावचे वजनगटाचे सामने आहेत. स्पर्धा समितीची मंडळी समोरच बसली आहेत. काटा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, उघड्यावर लावा. आधी आपल्या संघाचं वजन करा, मग पाहुण्यांचं. आणि अंतिम सामन्याची ढाल देईपर्यंत तो काटा किराणावाल्याकडे परत जाऊ देऊ नका. त्याचं दिवसाचं भाडं मी देतो. सकाळी सातला मी ओट्यावर येतो, आणि आमच्या लेफ्ट कॉर्नरला सांगितलं आहे, वजनाची वही यंदा तो लिहील.