१२ मीटरची तबकडी आणि ताणलेली तार

मराठवाड्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे, त्यामुळे पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की रानात किती ओल उरली, याचीच चिंता घरोघरी असते. जमिनीच्या हालचालीवर लक्ष का ठेवावे, हेही ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या या भागाला वेगळे सांगावे लागत नाही. मातीच्या वरच्या थरातील ओल आणि भूपृष्ठाची सूक्ष्म हालचाल टिपण्यासाठी इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला.

त्याच्या रडारला १२ मीटर व्यासाची तबकडी लागते, आणि उघड्या स्थितीत ती रॉकेटच्या टोकात मावणे अशक्य असते. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी आणि १२३ दांड्यांचे कडे, सारे मिळून अवघे ६४ किलो, घडी घालून वर नेण्यात आले. १५ ऑगस्टला बंधने सुटली, चौकटीत साठलेल्या ताणाने घडी फुलू लागली आणि पुढे मोटरने ओढलेल्या तारांनी कडे पूर्ण उघडून जागच्या जागी पक्के केले.

प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर दिली तर वजन वाढते, शिवाय एखादा सांधा मागे राहून नाजूक जाळी फाटण्याची भीती असते. उलट कड्यातील दांड्यांनी बनलेल्या चौकोनांच्या कर्णांतून एकच तार ओवली, तर ती गुंडाळताना सगळे कर्ण बरोबरीने आखडतात आणि कडे एकसारखे उघडते.

मात्र तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, आणि खरी जोखीम इथेच आहे. मोटेचा नाडा सैल पडला की चाकावरून उतरतो, तशीच ही तारही कप्पीच्या खाचेतून निसटू शकते. म्हणून पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तिच्यात ताण राखावा लागतो. दुसरा शत्रू घर्षण. घर्षणांक ०.१ असलेल्या, न फिरणाऱ्या खुंटीला तारेने अर्धा वेढा घेतला, तर पलीकडे सुमारे ७३ टक्के ओढ पोहोचते. असे पाच अर्धे वेढे झाले की जेमतेम २१ टक्के. म्हणूनच तारेच्या प्रत्येक वळणावर सहज फिरणारी कप्पी हवी, तीही निर्वातात न उडून जाणाऱ्या वंगणाची. हे वंगण किती मोलाचे, ते गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाने दाखवून दिले: १९९१ मध्ये, बहुधा वंगण झिजल्यामुळे, त्याच्या मुख्य अँटेनाच्या काही काड्या अडकून राहिल्या आणि ती कधीच पूर्ण उघडली नाही.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या सूर्यकवचात तर सुमारे ४०० कप्प्या आणि ९० तारा होत्या. तारांची एकूण लांबी सुमारे ४०० मीटर होती आणि दुरुस्तीला तिथे कोणी पोहोचू शकणार नव्हते. तरीही ४ जानेवारी २०२२ रोजी कवचाचे पाचही थर हवे तसे ताणले गेले.