अर्धी जुडी मेथी

श्रोतेहो, नमस्कार.

मी एकटी राहते. मुलुंडला, वन रूम किचनमध्ये, गेली अठरा वर्षं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा आवाज एकदम मऊ होतो. "एकट्याच? मग जेवणाखाणाचं कसं करता हो?" म्हणून आज जेवणाखाणापासूनच सुरुवात करते. एकट्या माणसाची अर्धी मजा तिथंच आहे.

मेथीची अख्खी जुडी आणली, तर मला ती तीन दिवस पुरते. आज पीठ पेरून भाजी, उद्या थालीपीठ, परवा डाळमेथी. चौथ्या दिवशी मेथीचं नाव काढवत नाही. आमच्या भाजीवाल्याला हे ठाऊक आहे. तो सुतळी सोडतो, जुडी हातावर तोलतो, अर्धी मला देतो आणि अर्धी बाजूला ठेवतो. ती दुसरी अर्धी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाते, निवृत्त शिक्षिका आहेत तिथे, त्याही एकट्या. आम्ही दोघींनी असं कधी ठरवलं नव्हतं. मला एक दिवस जिन्यात वास आला, तेव्हा कळलं की वरही मेथीच शिजतेय.

कोळीण मात्र ऐकत नाही. बोंबील वाट्यानेच घ्यायचे, हा तिचा कायदा. "दोन बोंबलांनी काय होतंय गो?" असं म्हणते आणि सहा टाकते. मी सहाही तळते आणि सहाही खाते.

लहानपणी आई म्हणायची, कढईत जेवू नये, लग्नात पाऊस पडतो. लग्न मी केलं नाही, आणि मुंबईत पाऊस तसाही पडतोच. तेव्हा पिठलं केलं की कढईच समोर घेऊन बसते. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं होतो. पिठल्याची खरवड निघाली की पाच पोरांत तिचे पाच तुकडे व्हायचे, नखाएवढे. आता उलथन्याच्या टोकाने कडेकडेने सोडवत आणते, कुरकुरीत, तांबूस, तळाला थोडी करपलेली, आणि ती सगळीच्या सगळी माझी असते. पन्नाशी उलटून गेली, तरी त्या वेळी मला अजून आजूबाजूला बघावंसं वाटतं.

तसंच पंख्याचं. नऊ माणसांत एक पंखा असला की कुणाला थंडी वाजते, कुणाला घाम येतो, आणि रेग्युलेटरवरून रोज भांडण. माझा पंखा बारा महिने पाचावर असतो. जानेवारीतसुद्धा. वर पंखा गरगरतोय आणि खाली मी गोधडी कानापर्यंत ओढून घेतलीय, हे सुख ज्याचं त्यालाच कळेल.

बोलण्याचंही सांगते. एकटं माणूस मुकं असतं, असं कुणी समजू नका. मी दिवसभर बोलते. कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. "चष्मा कुठं ठेवलास गं?" असं विचारते आणि "फ्रिजवर बघ" असं उत्तरही देते, ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. न्हाणीघराचं दार सताड उघडं टाकून रेडिओवरच्या गाण्यात आवाज मिसळते. २३ जुलै १९२७ ला मुंबईहून रेडिओचं नियमित प्रसारण सुरू झालं, तेव्हापासून या शहरातल्या किती एकट्या खोल्यांत हा आवाज सोबतीला राहिला असेल! आत्ता हे बोलतानाही मला अशीच एखादी खोली दिसते आहे. ऐकता ऐकता तुम्ही भाजी निवडत असाल, तर निवडत राहा.

या सगळ्याचं मला इतकं अप्रूप का, ते माझ्या बाबांमुळे कळलं. बाबा सतराव्या वर्षी सिंधुदुर्गातून गिरणीत आले. बिऱ्हाड नव्हतं, म्हणजे तेही एकटेच, पण गाववाल्यांच्या खोलीत वीस-पंचवीस जणांबरोबर. तीन पाळ्यांमुळेच ती खोली पुरायची. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर आडवा व्हायचा, सतरंजी अजून गरम असायची. स्वतःचं असं काय, तर एक ट्रंक आणि भिंतीवर एक खिळा. ट्रंकेची किल्ली करदोट्याला. खिळ्यावर सदरा, सदऱ्यावर पंचा, पंच्यावर टोपी, सगळं त्या एकाच खिळ्यावर. दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावायचा नाही.

जेवायला खाणावळ. कुठल्या तरी बाईच्या चुलीवरचं, महिन्याचे पैसे ठरवून. गिरणगावच्या या बायकांनी पिढ्यान् पिढ्या एकट्या पुरुषांना जेवू घातलं, स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात राहिल्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. मुंबईतल्या एकट्या माणसाची गोष्ट सांगायची आणि या बायकांना वगळायचं, हे मला जमणार नाही. एकट्याच्या ताटामागे कुणीतरी असतंच. माझ्यामागे भाजीवाला आहे, आणि शेजारच्या वहिनी आहेत, ज्यांच्याकडे माझी दुसरी किल्ली असते. सकाळी सातपर्यंत दाराची दुधाची पिशवी उचलली गेली नाही, तर त्या बेल वाजवतात. परवा मी नुसती लोळत होते. "बरं आहे ना?" म्हणाल्या, "मग लोळा." आणि गेल्या. फ्रिजवर १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबरही त्यांनीच लिहून चिकटवलाय. मला तो लागायला अजून अवकाश आहे, पण काढला नाही.

घर मिळवताना त्रास झाला. एकटी बाई म्हणून तीन ठिकाणी नकार आला, चौथ्या ठिकाणी अकरा महिन्यांचा करार झाला, पुढे कर्ज काढून हे घर घेतलं. त्यावर जास्त बोलत नाही. ताबा मिळाला त्या आठवड्यात बाबा राहायला आले, ते सांगते.

सत्तरीचे होते. दारातून आत आले, स्वयंपाकघरात डोकावले, मोरी पाहिली, खिडकी उघडून मिटून पाहिली. मग म्हणाले, "ह्या सगळा तुजा एकटीचा?"

म्हटलं, "हो बाबा."

सदरा काढून हातात धरला आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. "सदरो खंय अडकवू?"

"बाबा, कुठंही."

मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर येऊन बघते, तर सदरा दाराच्या कडीला, पंचा खुर्चीच्या पाठीवर, टोपी टीव्हीवर, काठी खिडकीच्या गजाला, आणि बाबा पंख्याखाली जमिनीवर हातपाय पसरून झोपले होते.