बांदा ते पत्रादेवी : व्यापाराचा कायदा एक, मग अडते कुठे?

[पडद्यावर : मुरुडपासून पेडण्यापर्यंतच्या किनाऱ्याचा नकाशा]

नमस्कार. वेंगुर्ल्याचा एक काजू कारखानदार म्हापशाच्या दुकानदाराला उधारीवर माल देतो, त्याबदल्यात पुढच्या तारखेचा चेक घेतो आणि तो चेक वटत नाही, असे समजू. या व्यवहाराला कोणता कायदा लागू होतो? भारतीय करार अधिनियम 1872, माल विक्री अधिनियम 1930 आणि चेक-हुंड्यांसाठी परक्राम्य संलेख अधिनियम 1881. तिन्ही कायदे केंद्राचे आहेत आणि महाराष्ट्रात व गोव्यात तेच चालतात. तरीही व्यापाऱ्याला राज्याची हद्द जाणवते, कारण दावा कोणत्या न्यायालयात लावायचा, किती वर्षांच्या आत लावायचा, कागदाला मुद्रांक किती लावायचा आणि तारण कुठे नोंदवायचे, या बाबी मूळ कायद्याच्या कडेला असतात आणि पैसा बहुधा तिथेच अडकतो.

कोकणचा किनारा या विषयासाठी फार चांगला नमुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी रत्नागिरी जिल्हा ब्रिटिश अमलाखाली होता, उत्तरेला जंजिरा आणि दक्षिणेला सावंतवाडी ही संस्थाने होती, आणि त्यापलीकडच्या गोव्यात 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता व 1888 ची पोर्तुगीज व्यापारी संहिता चालत होती. गलबत चार दिवसांत जेवढा किनारा ओलांडत असे, तेवढ्यात त्यातल्या मालाला कायद्याच्या अनेक राजवटी लागत. संस्थाने 1948 मध्ये विलीन झाली आणि विलीन संस्थानांना केंद्रीय कायदे लागू करणारा अधिनियम 1949 मध्ये आला. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. त्यानंतर 1962 आणि 1963 च्या विनियमांनी भारतीय कायदे एकामागून एक तिथे लागू करण्यात आले. कागदावर पाहता काम दोन वर्षांत उरकले.

प्रत्यक्षात मात्र ते उरकले नव्हते. कर्जवसुलीच्या दाव्यासाठी भारतीय मुदत अधिनियम साधारणपणे तीन वर्षे देतो, तर पोर्तुगीज संहितेतली मुदत त्याहून कितीतरी लांब होती. मुदत अधिनियमात स्थानिक कायद्यांना संरक्षण देणारे एक कलम आहे. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये पोर्तुगीज मुदत गोव्यात टिकून असल्याचा निर्णय दिला. पुढे सिंडिकेट बँकेच्या खटल्यात, 2001 मध्ये, न्यायालयाने ही भूमिका बदलली : करार भारतीय कायद्याने चालणार असेल, तर त्यावरच्या दाव्याची मुदतही भारतीय कायद्यानेच मोजली पाहिजे. म्हणजे मधली दोन दशकांहून अधिक वर्षे तेच कर्ज, तोच करार कायदा, पण महाराष्ट्रातल्या बांद्याला दावा मुदतबाह्य आणि गोव्यातल्या पेडण्यात मात्र जिवंत, अशी परिस्थिती संभवत होती. मूळ कायदा लागू करताना त्याच्या सोबतचे कायदे नीट तपासले नाहीत, तर काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

गोव्यात लग्न झालेल्या दांपत्याची मालमत्ता, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, आजही समाईक धरली जाते. तिथल्या व्यापाऱ्याची जागा तारण घेणाऱ्या सिंधुदुर्गातल्या सावकाराने किंवा पतसंस्थेने पती आणि पत्नी अशा दोघांच्याही सह्या घेतल्या पाहिजेत. हा कौटुंबिक कायदा आहे, व्यापारी नव्हे. पण तारण फसते ते त्याच्यामुळे.

आता सुरुवातीच्या चेककडे वळू. चेक न वटल्यास फौजदारी तक्रार करण्याची तरतूद, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138, 1989 पासून अमलात आहे. तक्रार कोणत्या गावी करायची, यावर न्यायालयांत बराच काळ गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये सांगितले की, चेक ज्या शाखेवर काढला आहे, तिथल्याच न्यायालयात तक्रार करावी. नियम स्वच्छ होता. पण वेंगुर्ल्याच्या कारखानदाराला त्यासाठी म्हापशाला, आणि गिऱ्हाईक हुबळीचे असेल तर हुबळीला, हेलपाटे घालणे भाग पडले असते. संसदेने 2015 मध्ये दुरुस्ती करून, चेक मिळालेल्या माणसाचे खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयाला अधिकार दिला. देशभर कायदा एकच होता, तो तसाच राहिला. एका उपकलमाने फक्त हेलपाट्यांचा भार धनकोकडून ऋणकोकडे गेला. माझ्या मते ही दुरुस्ती योग्यच होती.

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या बाजूने सुटला. तिथे कराराचा आणि विक्रीचा कायदा प्रत्येक राज्याचा स्वतःचा असतो. राज्यांनी नेमलेल्या आयुक्तांचे एक मंडळ 1892 पासून नमुना कायदे तयार करते. त्याने अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटच्या साथीने युनिफॉर्म कमर्शियल कोड तयार केला आणि पेनसिल्व्हेनियाने 1953 मध्ये तो सर्वांत आधी स्वीकारला. पुढे तो जवळपास सर्वत्र गेला, मात्र लुइझियानाने त्यातला मालविक्रीचा भाग अजूनही घेतलेला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा मजकूर केंद्राने लादलेला नव्हता. तो लिहायला राज्यांचीच माणसे बसली होती, आणि तीच माणसे नंतर आपापल्या विधिमंडळात त्याची बाजू मांडत होती. 2022 मध्ये डिजिटल मालमत्तेसाठी त्यात नवा विभाग जोडला गेला, तोही याच मार्गाने.

भारतात हा मार्ग कधी चालला आणि कधी फसला, हे पाहण्यासाठी आपला आंबा पुरेसा आहे. आंबा जिथे विकला जातो त्या बाजारांचा, म्हणजे ‘बाजार आणि जत्रा’ हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीत, ठेवला आहे. केंद्राने 2003 मध्ये बाजार समित्यांसाठी नमुना कायदा पाठवला. राज्यांनी त्यातली सोयीची कलमे उचलली आणि बाकीची बाजूला ठेवली. बिहारने 2006 मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला, तर महाराष्ट्राने 2016 मध्ये फळे व भाजीपाला समितीबाहेर विकण्याची मुभा दिली. मग केंद्राने 2020 मध्ये थेट कायदे केले आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतले. याउलट वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला आणि सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके गेले. जीएसटी परिषदेत राज्यांना मिळून दोन तृतीयांश मतमूल्य आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. शिवाय महसूल घटला तर पाच वर्षे भरपाईची हमी होती. मसुदा लिहिताना राज्ये टेबलाशी असतील आणि तोटा कोण सोसणार हे आधी ठरले असेल, तरच राज्ये एका मजकुरावर टिकतात. नुसता नमुना टपालाने पाठवून हे काम होत नाही.

आधुनिकीकरणाची आपली गती वेगळीच आहे. जहाजी मालाच्या भरणपावतीचा (बिल ऑफ लेडिंग) 1856 चा कायदा थेट 2025 मध्ये बदलला, आणि तेव्हाही भाषा सोपी झाली, गाभा फारसा हलला नाही. बँकांसारख्या नियंत्रित संस्थांच्या नावे वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढण्याची वाट 2022 च्या अधिसूचनेने मोकळी झाली. मुद्रांकाच्या बाबतीत शेअर आणि रोख्यांचा दर जुलै 2020 पासून देशभर एक झाला. पण गोव्यात केलेला आणि महाराष्ट्रातल्या मालमत्तेशी संबंधित असलेला दस्त इकडे आणला की, दरातला फरक अजूनही भरावा लागतो.

सर्वांत मोठी उणीव जंगम तारणात, म्हणजे हलवता येणाऱ्या मालावरच्या तारणात आहे. झाडावरचा हापूस तोडून द्यायचा ठरला असेल, तर माल विक्री अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे तो ‘माल’ असतो. त्याच हंगामावर बागायतदार सोसायटीचे पीककर्ज घेतो आणि वाशीच्या दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही घेतो. सोसायटीचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. कंपनीने दिलेले तारण कंपनी निबंधकाकडे नोंदले जाते, टेम्पोचे आरटीओकडे, आणि बँकांचे केंद्रीय नोंदवही असलेल्या सेरसाईकडे. दलालाच्या उचलीची नोंद मात्र त्याच्या खातेवहीतच राहते. मग मे महिन्यात पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की पैसे आधी कोणाचे, हे बहुतेक वेळा पेटी ज्याच्या गाळ्यावर उतरली त्याच्या हाती असते. अमेरिकन कोडच्या नवव्या विभागाने कर्जदाराच्या नावाने शोधता येईल अशी नोंद आणि ‘आधी नोंदणी, आधी हक्क’ हा साधारण नियम दिला. आपल्याकडे असे काही करायचे, तर आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील : बँक नसलेल्या धनकोला नोंदवहीत प्रवेश द्यायचा का, सावकारी हा राज्याचा विषय असल्याने परवाना नसलेल्याची उचल तिथे नोंदवून घ्यायची का, आणि देवगडच्या बागेची नोंद कोल्हापूरच्या किंवा पणजीच्या व्यापाऱ्याला व्यवहारापूर्वी किती शुल्कात पाहता येईल.